कीबोर्ड रिदमचं सेटिंग पुन्हा पुन्हा का बदलतो? नेहमीच्या तक्रारी आणि कायमचे उपाय

घरी सगळं नीट बसवलेलं असतं. भजनी ठेक्याचा पॅटर्न निवडलेला, टेम्पो ८४ वर आणलेला, रिदमचा आवाज पेटीच्या खाली राहील इतका कमी केलेला. मग मंडळात जाऊन कीबोर्ड चालू करावा, तोच पॅटर्न लावावा, तर टेम्पो भलताच, ढोलकचा आवाज एकदम वर आणि पेटीच्या जागी कुठलातरी गिटारचा आवाज. पुन्हा बसवायचं, पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत गणपतीच्या आधी ही तक्रार हमखास ऐकू येते. शिवाजी पेठेतल्या तालमीचा वादक असो की कागलकडच्या भजनी मंडळाचा, वाक्यसुद्धा एकच असतं: "कीबोर्ड सेटिंग विसरतोय."

कीबोर्ड विसरत नाही. आपण केलेला बदल जिथं राहील असं आपल्याला वाटतं, तिथं तो राहतच नाही. हे एकदा ध्यानात आलं की दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ क्वचितच येते. म्हणून आधी तेच सांगतो, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

प्रत्येक पॅटर्न आपली शिदोरी बरोबर घेऊन येतो. कंपनीनं तो तयार केला तेव्हा त्याला एक टेम्पो दिला, एक ड्रम किट दिला, आतल्या प्रत्येक भागाचा आवाज ठरवून दिला. यामाहाच्या कीबोर्डवर एका स्टाईलमध्ये (यामाहा पॅटर्नला स्टाईल म्हणतं) असे आठ भाग असतात: रिदमचे दोन, बासचा एक, कॉर्डचे दोन, पॅडचा एक आणि फ्रेजचे दोन. रिदम थांबलेला असताना तुम्ही नवा पॅटर्न निवडला की ही सगळी शिदोरी उघडते आणि तुमचा टेम्पो जाऊन पॅटर्नचा टेम्पो येतो. रिदम चालू असतानाच पॅटर्न बदलला तर मात्र टेम्पो आहे तोच राहतो. कधी बदलतो आणि कधी बदलत नाही, याचा लोकांना उलगडा होत नाही तो यामुळं. आत्ता कीबोर्डसमोर असाल तर दोन्ही करून बघा, लगेच पटेल.

तुम्ही पॅनेलवर बोटानं जे फिरवता, दाबता, ते दुसरं. टेम्पो, रिदमचा आवाज, स्प्लिट पॉइंट (डाव्या आणि उजव्या हाताच्या पट्ट्या वेगळ्या करणारी रेषा), ट्रान्सपोज (सूर वर-खाली सरकवणं) यातलं बरंचसं कीबोर्ड बंद केल्यावर पुसलं जातं. काही मॉडेल त्यातल्या थोड्या गोष्टी धरून ठेवतात, पण त्या भरवशावर कार्यक्रमाला जाऊ नये. सेटिंग टिकून राहायची हक्काची जागा एकच, ती म्हणजे रजिस्ट्रेशन मेमरी.

रजिस्ट्रेशन नीट वापरणं

मधल्या किमतीच्या बऱ्याच कीबोर्डवर रजिस्ट्रेशनची चार बटणं आणि आठ बँका असतात, म्हणजे बत्तीस जागा. एका जागेत पॅटर्न, त्याचा टेम्पो, रिदमचा आवाज, उजव्या हाताचा आवाज, स्प्लिट, ट्रान्सपोज असं सगळं एकत्र राहतं. पद्धत सोपी आहे: आधी सगळं मनासारखं बसवायचं, मग मेमरीचं बटण दाबून धरायचं आणि धरलेलं असतानाच नंबर दाबायचा.

नेमकं इथंच घोळ होतो. मेमरीचं बटण न धरता नुसता नंबर दाबला तर त्या जागेतलं जुनं सेटिंग समोर येतं आणि आत्ता अर्धा तास बसून केलेलं सगळं उडतं. दुसरा प्रकार म्हणजे आधी साठवायचं आणि नंतर "जरा ढोलक कमी करूया" म्हणून आवाज खाली घ्यायचा. तो शेवटचा बदल साठवलेलाच नसतो. म्हणून साठवायचं अगदी शेवटी. साठवून झालं की कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू करायचा आणि नंबर दाबून बघायचा. ही तपासणी घरीच करा. मांडवात माईक लागलेला असताना नाही.

मोठ्या मॉडेलवर आणखी एक पायरी आहे. तिथं बँक ही फाइल असते. नंबरावर साठवलं तरी ती बँक फाइल म्हणून जतन केली नाही आणि दुसरी बँक उघडली, तर केलेलं सगळं जातं. "रात्री साठवलं होतं, सकाळी नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत मोठा कीबोर्ड नुकताच घेतलेले वादक जास्त असतात, कारण लहान मॉडेलवर ही पायरी नव्हती आणि हात जुन्याच सवयीनं चालतो.

बटणं कार्यक्रमाच्या क्रमानं भरा, पॅटर्नच्या नावानं नको. पहिल्या बँकेत रूप, मग अभंग, मग गवळण, मग भैरवी. मांडवात उजेड कमी असतो, पडदा छोटा असतो आणि बुवा पुढचं पद उचलून मोकळे झालेले असतात. अशा वेळी पॅटर्नचा तीन आकडी नंबर शोधत बसण्यापेक्षा पुढचं बटण दाबणं कितीतरी बरं.

रजिस्ट्रेशनमुळं उलटी अडचणही येते. अभंग चालू आहे, लय रंगात आली म्हणून तुम्ही टेम्पो चार-पाच आकड्यांनी वाढवलाय आणि फक्त उजव्या हाताचा आवाज बदलायला दुसऱ्या नंबरवर गेलात. त्या जागेत साठवलेला टेम्पो चालत्या ठेक्यात येऊन आदळतो आणि टाळकरी गडबडतात. यासाठी फ्रीझ नावाची सोय असते. फ्रीझमध्ये स्टाईलचा किंवा टेम्पोचा गट निवडून ठेवला की नंबर बदलला तरी तेवढी गोष्ट जागची हलत नाही. यामाहाच्या पीएसआर-एस मालिकेतल्या मोठ्या मॉडेलवर स्टाईल बदलताना टेम्पोचं काय करायचं याचंही सेटिंग आहे: लॉक, होल्ड आणि रीसेट. लॉक ठेवलं तर पॅटर्न कुठलाही लावा, टेम्पो तुमचाच राहतो. होल्डमध्ये फक्त चालू रिदमचा टेम्पो टिकतो. रीसेटमध्ये चालू असतानासुद्धा पॅटर्नचा टेम्पो लागू होतो. भजनासाठी लॉक, ऑर्केस्ट्रासाठी होल्ड असं माझं मत आहे, कारण ऑर्केस्ट्रात गाण्यागणिक टेम्पो नवा लागतो आणि पॅटर्नचा स्वतःचा टेम्पो निदान अंदाजाला तरी उपयोगी पडतो.

आणि पेटीच्या जागी गिटार का येतं? ती करामत वन टच सेटिंगची. पॅटर्नला शोभेल असा आवाज कीबोर्ड आपणहून उजव्या हातावर आणतो. ओटीएस (वन टच सेटिंग) लिंक चालू असेल तर मेन ए वरून मेन बी वर, म्हणजे पॅटर्नच्या एका प्रकारावरून दुसऱ्यावर, गेल्याबरोबरही आवाज बदलतो. लिंक बंद करा. लहान मॉडेलवर आवाजाच्या यादीत ००० नंबर म्हणजे हेच वन टच सेटिंग असतं. तो नंबर निवडलेला राहिला तर प्रत्येक पॅटर्नबरोबर आवाज बदलत राहणार. पेटीचा नंबर हातानं निवडला की हा त्रास थांबतो.

तबलजीची लय आणि पडद्यावरचा आकडा

आता सगळ्यात जास्त भांडणं लावणारा विषय. आपल्याकडचा वादक बहुतेक वेळा आधी तबला, पखवाज किंवा ढोलकी ऐकत वाढलेला असतो. तो मात्रा मोजतो. कीबोर्ड बीट मोजतो. या दोन मोजण्यांत फरक आहे, आणि टेम्पोचा आकडा "दरवेळी चुकतो" त्याचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं.

केरवा किंवा भजनी ठेका आठ मात्रांचा. कीबोर्डवर तो चार-चारच्या (४/४) एका बारमध्ये, म्हणजे चार बीटच्या एका घरात बसवलेला असतो, म्हणजे एका बीटमध्ये दोन मात्रा. तबलजी मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत वाजवत असेल तर पडद्यावर ९० हवेत. तिथं १८० टाकले की ठेका दुप्पट वेगानं पळत सुटतो. मोबाइलवरच्या मेट्रोनोमवर मात्रा मोजून तोच आकडा कीबोर्डवर टाकणारे असेच फसतात.

केरव्याचं गणित सोपं आहे, निम्मं करायचं. दादऱ्यात खरी गंमत आहे. सहा मात्रांचा दादरा कीबोर्डवर दोन प्रकारे सापडतो. काही पॅटर्न तीन-चारमध्ये (३/४) असतात आणि तिथं प्रत्येक मात्रा म्हणजे एक बीट. सहा मात्रांना दोन बार लागतात आणि १८० मात्रांच्या लयीला पडद्यावर १८० च लागतात. काही पॅटर्न सहा-आठमध्ये (६/८) असतात, सहा मात्रा एका बारमध्ये. तिथं पुन्हा दोन पोटभेद आहेत. कीबोर्ड दोन मात्रांची एक बीट धरत असेल तर ९० लागतात, तीन मात्रांची एक बीट धरत असेल तर ६०. म्हणजे लय एकच आणि आकडे तीन: १८०, ९०, ६०. शेजारच्या मंडळाच्या वादकानं "दादरा १२० वर लाव" असं सांगितलं आणि तुमच्याकडे तो भलत्याच गतीनं वाजला, तर खोट कुणाचीच नाही. दोघांचे पॅटर्न वेगळ्या मापात बसवलेले आहेत, इतकंच.

ओळखायचं कसं? घड्याळ घ्या. पॅटर्न चालू करून समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंत दहा आवर्तनं मोजा. केरवा ९० वर असेल तर दहा आवर्तनांना साधारण २७ सेकंद लागतात. सहा-आठचा दादरा ९० वर लावला आणि दहा आवर्तनं २० सेकंदांत झाली तर कीबोर्ड दोन मात्रांची बीट धरतोय. साडेतेरा सेकंदांच्या आसपास झाली तर तीन मात्रांची. एकदा मोजून पॅटर्नच्या नंबरसमोर वहीत लिहून ठेवलं की तो प्रश्न कायमचा सुटला. माझ्या ओळखीतले जे वादक अशी वही ठेवतात, त्यांना मांडवात टेम्पो चाचपडताना मी पाहिलेलं नाही.

तरीही लय जुळत नसेल तर टॅप टेम्पो वापरा, म्हणजे बटणावर लयीत ठोके देऊन टेम्पो ठरवा. पण टॅप करताना मात्रेवर नको, बीटवर करा. केरव्यात एक मात्रा सोडून एक. बुवा पहिली ओळ ठेक्याविना म्हणत असतात, तेव्हाच हळूच टॅप करून घ्यावं.

रूपकासारख्या सात मात्रांच्या तालाला, तीन-दोन-दोन असा विभाग असलेल्याला, चार-चारचा पॅटर्न कितीही ओढूनताणून बसवला तरी बसत नाही. पहिल्या आवर्तनात जुळल्यासारखं वाटतं आणि पुढच्याच आवर्तनात सम घसरते. झपतालाचंही तेच, तिथं मात्रा दहा. स्वतःचा पॅटर्न बनवता येणारा कीबोर्ड असेल तर रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी तो सात मात्रांचं माप देतो का ते पाहा आणि माप पहिल्यांदा ठरवा, वाजवून झाल्यावर ते बदलायला जाऊ नका. तशी सोय नसेल तर रिदम बंद ठेवा आणि तबलजीला बोलवा. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहून गायले, देवल क्लबच्या बैठका ज्या गावानं ऐकल्या, त्या कोल्हापुरातल्या श्रोत्याला सरकलेली सम लगेच टोचते.

समेचाच आणखी एक प्रश्न. पद समेच्या आधीपासून उचललेलं असतं आणि रिदम मात्र पहिल्या शब्दालाच सुरू होतो, त्यामुळं अख्खं पद उलटं पडल्यासारखं वाटतं. इथं स्टार्टचं बटण वापरू नका, सिंक स्टार्ट वापरा. उजव्या हातानं उचल वाजवायची आणि सम ज्या अक्षरावर येते त्याच अक्षराला डावा हात कॉर्डवर ठेवायचा. रिदम तिथूनच सुरू होतो, फक्त एसीएमपी (डाव्या हाताच्या कॉर्डवरून बास-कॉर्डची साथ देणारं बटण) चालू हवं. मात्र स्प्लिट पॉइंट तपासून घ्या. यामाहावर तो साधारणपणे मधल्या सी च्या खालच्या एफ शार्पवर असतो. काळी एकचा गायक असेल आणि उचल मंद्रात असेल तर उजवा हात त्या रेषेच्या खाली जातो आणि सिंक स्टार्ट आधीच सुटतो. स्प्लिट चार-पाच पट्ट्या खाली घ्या आणि तेही रजिस्ट्रेशनमध्ये साठवा.

रोल (ठेक्यातला मधला भरणा) मारण्याबद्दल एवढंच: बटण बारच्या सुरुवातीला दाबलं तर रोल पुरता येतो, उशिरा दाबलं तर शेवटचा तुकडाच ऐकू येतो. "रोल कधी मोठा, कधी छोटा" या तक्रारीत बिघाड काहीच नाही.

घरी ढोलक दणदणीत, मांडवात गायब

ही तक्रार वायरीची आहे, पण लोक पॅटर्नचं सेटिंग बदलत बसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

असा प्रसंग मंगळवार पेठेतल्या एका मंडळात डोळ्यांसमोर घडला. वादक सराईत. कीबोर्डच्या स्वतःच्या स्पीकरवर ठेका छान भरलेला ऐकू येत होता. साउंडवाल्यानं वायर लावली आणि मोठ्या बॉक्समधून नुसतं वरचं चिकचिक येऊ लागलं. मंडळातले एक काका पुढून ओरडले, "आण्णा, ढोलक कुठं गेला? नुस्ता खुळखुळाच वाजवताय व्हय?" वादकानं रिदमचा आवाज वाढवला. खुळखुळा वाढला, ढोलक काही येईना. मग त्यानं पॅटर्न बदलला, मग किट बदलला. साउंडवाला बास वाढवत होता. शेवटी वायर बदलली आणि ढोलक, बास, सगळं जागेवर आलं.

कारण असं. बऱ्याच कीबोर्डवर हेडफोन आणि आउटपुट यांचं भोक एकच असतं आणि ते स्टिरिओ असतं. त्यात दोन काळ्या रिंगांची पिन घातली आणि तिचं दुसरं, तसंच दोन रिंगांचं टोक मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातलं, तर मिक्सर डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा करतो. तो इनपुट बनवलाय त्यासाठीच, लांब वायरीत शिरलेला गोंगाट अशानं निघून जातो. पण कीबोर्डच्या डाव्या-उजव्या बाजूला जे सारखंच असतं तेही वजा होतं. आणि सारखं काय असतं? मधोमध ठेवलेलं सगळं: किक, स्नेअर, बास, ढोलकचा मोठा ठोका, बहुतेक वेळा उजव्या हाताचा मुख्य आवाजसुद्धा. उरतं ते कडेला ठेवलेलं, शेकर, घुंगरू आणि घुमारा. आवाज पोकळ वाटतो तो त्यामुळं.

उपाय स्वस्त आहे. एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसरीकडे दोन मोनो जॅक अशी वाय केबल घ्या आणि मिक्सरच्या दोन चॅनेलमध्ये लावा. कीबोर्डला वेगळी डावी-उजवी भोकं असतील तर एल प्लस आर लिहिलेल्या भोकात एकच मोनो जॅक लावा, दोन्ही बाजू एकत्र मिळतात. स्टिरिओ भोकात साधी मोनो पिन खुपसणं बरोबर नाही. त्यात एकच बाजू मिळते आणि पॅटर्नमधलं उजवीकडं ठेवलेलं वाद्य जातं. वाय केबल स्वतःची ठेवा, कीबोर्डच्या बॅगेत. साउंडवाल्याकडे असेलच असं नाही, आणि मिरवणुकीच्या घाईत कुणी शोधतही बसत नाही.

एक लक्षात असू द्या: हेडफोनच्या या भोकात पिन गेली की कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर बंद होतात. मॉनिटर आधीच मागून घ्या, नाहीतर स्वतःचाच रिदम ऐकू येणार नाही आणि लय हातातून जाईल.

ब्लूटूथ स्पीकरवर सराव करणाऱ्यांनाही एक सांगतो. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला उशीर लागतो, दीडशे-दोनशे मिलिसेकंदसुद्धा. आपण समेवर वाजवतो आणि ऐकू मागून येतं. त्यात पॅटर्नचा काही दोष नाही. वायर लावा.

पेनड्राइव्हमधून आणलेले पॅटर्न

मित्राकडून किंवा विकत आणलेल्या पॅटर्नच्या गठ्ठ्यात हमखास असा एखादा निघतो, ज्यात ढोलकीच्या जागी घंटा वाजते. फाइल खराब नसते. पॅटर्नच्या फाइलमध्ये आवाज नसतातच. असतात फक्त नंबर: कुठली पट्टी, कधी, किती जोरात, आणि कुठला किट लावायचा. १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडीच्या (वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या सामाईक नंबरांच्या) पद्धतीत ड्रम दहाव्या चॅनेलवर असतात. ३६ म्हणजे किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट, ५६ काउबेल, ६० बोंगो. या ठरलेल्या यादीत तबला-ढोलकीला जागाच नाही. प्रत्येक कंपनीनं आपल्या भारतीय किटमध्ये ते बोल आपल्या सोयीच्या पट्टीवर बसवले. त्यामुळं एका कीबोर्डवर जिथं "धा" आहे तिथं दुसऱ्यावर काउबेल असते.

उपाय करायचा तर आधी आपला किट ओळखा. उजव्या हातावर ड्रम किट किंवा भारतीय किटचा आवाज लावा आणि डावीकडून एकेक पट्टी हळू दाबत जा. कुठं काय वाजतं ते कागदावर लिहा. मग कीबोर्डच्या आतल्या मिक्सरच्या पानावर जाऊन रिदमच्या भागाला जवळचा किट देऊन बघा. किट बदलून काम भागलं नाही तर तो पॅटर्न आपल्या मॉडेलचा नाही असं समजून सोडून द्या. लहान मॉडेलवर रिदमच्या भागाचा किट बदलताच येत नाही, तिथं वेळ घालवू नका. गठ्ठा घेतानाच आपल्या मॉडेलच्या नावानं बनवलेला आहे का ते विचारा.

फाइल उघडतच नसेल तर दोन गोष्टी बघा. यामाहाच्या स्टाईलमध्ये जुना एसएफएफ आणि नवा एसएफएफ जीई असे दोन प्रकार आहेत आणि जुने कीबोर्ड नवा प्रकार वाचत नाहीत. दुसरं, पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये आहे का. नसेल तर आतलं सगळं दुसरीकडं काढून घ्या आणि कीबोर्डवरच फॉरमॅट करा.

मध्येच बंद, सुरूच होत नाही, आपोआप थांबतो

हरिपाठ आणि भजनाच्या मध्ये सत्कार होतात, भाषणं होतात. अर्धा तास कीबोर्डला हात लागला नाही की तो आपणहून बंद होतो आणि पॅनेलवर बसवलेलं सगळं जातं. ही ऑटो पॉवर ऑफची सोय आहे. यामाहावर ती मुळात ३० मिनिटांवर ठेवलेली असते. पीएसआर-ई मालिकेच्या बऱ्याच मॉडेलवर सगळ्यात डावीकडची, म्हणजे सगळ्यात खालची पट्टी दाबून धरून कीबोर्ड चालू केला की ती बंद होते. इथं जपा: सगळ्यात उजवीकडची पांढरी पट्टी दाबून चालू केलं तर कीबोर्ड कारखान्यातून आला तसा कोरा होतो आणि रजिस्ट्रेशनही पुसली जातात. डावी आणि उजवी यांत गल्लत करू नका. कार्यक्रमाच्या दिवशी तर हा प्रयोग करूच नका.

डावा हात उचलल्याबरोबर रिदम थांबत असेल तर सिंक स्टॉप चालू आहे. स्टार्ट दाबूनही रिदम सुरू होत नसेल तर क्लॉकचं सेटिंग बघा. लॅपटॉपला किंवा दुसऱ्या वाद्याला जोडताना कुणीतरी ते एक्स्टर्नल केलेलं असतं आणि कीबोर्ड बाहेरून येणाऱ्या ठोक्याची वाट बघत बसतो. ते इंटर्नल करा. ऑक्टापॅड (काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) मिडीनं जोडलेला असताना ठोके दुहेरी ऐकू येत असतील तर तो पाठवत असलेला चॅनेल १० कीबोर्डवर बंद करा, किंवा सरळ मिडीची वायर काढा. दोन्ही वाद्यं मिक्सरला स्वतंत्र जोडलेली असतील तर तिची गरजही नसते.

नुसता रिदम वाजतोय, बास आणि कॉर्ड नाहीत? एसीएमपीचं बटण बंद आहे. भजनाला ते बंदच बरं, माझ्या कानाला तरी पेटीखाली बासचा गलबला नको वाटतो.

पायातलं पेडल उलटं चालत असेल, म्हणजे दाबल्यावर सुटत आणि सोडल्यावर धरत असेल, तर कीबोर्ड चालू करताना पाय पेडलवर होता. चालू होतानाच कीबोर्ड पेडलची बाजू ओळखतो. पाय बाजूला घेऊन बंद-चालू करा.

हे सगळं बघूनही एकदा दाबल्यावर रिदम सुरू होऊन लगेच थांबत असेल किंवा बटण दोनदा-तीनदा दाबल्याशिवाय घेत नसेल, तर मात्र तो खरा बिघाड आहे. स्टार्ट-स्टॉपचं बटण सगळ्यात जास्त दाबलं जातं. त्यात गुलाल, अबीर आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा दमट पाऊस. आतला स्विच झिजतो किंवा गंजतो आणि एकाच दाबात दोनदा लागतो. फवारे मारून तो फार दिवस टिकत नाही. स्विच बदलून घ्या, चांगल्या कारागिराला ते अवघड नाही. दुरुस्तीला देण्याआधी रजिस्ट्रेशन पेनड्राइव्हवर काढून घ्या, कारण तपासताना कारागीर कीबोर्ड कोरा करण्याची शक्यता असते. स्विच येईपर्यंत कार्यक्रम असेल तर पेडलला स्टार्ट-स्टॉपचं काम लावून द्या. बऱ्याच मॉडेलवर फंक्शनच्या यादीत ते निवडता येतं, आणि हात दोन्ही मोकळे राहतात म्हणून काही वादक नंतरही तसंच ठेवतात.